पायरीवरचा थांबा

“कापूस हलला,” लोंढे सिस्टर म्हणाल्या.

“न्हाय हलला.”

“मी म्हातारी झालेय, आंधळी नाही. हलला. पुन्हा कर.”

माझ्या तळहातावर पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका होता. तळहात नाकासमोर. खाली सतरंजी, मागे पत्र्याची भिंत, आणि आजूबाजूला माझ्यासारखेच चार-पाच बरे झालेले रोगी डोळे मिटून बसलेले. श्वास सोडायचा, पण असा की कापसाला पत्ता लागता कामा नये. ज्याचा बाप सनईवाला, आजा सनईवाला, ज्यानं कळायला लागल्यापासून फुंकण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला ही बाई न फुंकायला शिकवत होती.

“सिस्टर, ह्यानं काय हुणार?” मी तळहात झटकला. “मला सूर धरायचाय चैत्रात. वारं पायजे वारं. आन् हितं कापूस हलला तर तुमी वरडताय.”

“ओरडले नाही अजून. ओरडले की तुला कळेल.” त्यांनी सतरंजीवर पडलेला कापूस उचलला, फुंकून साफ केला आणि परत माझ्या हातावर ठेवला. “सोड. हळू. कुणी मागे लागलं नाही तुझ्या.”

कुणी लागलं नव्हतं कसं? अख्खं गाव लागलं होतं.

सूर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण लोकांना सनई माहीत असते, सूर माहीत नसतो. सनईवाल्याच्या शेजारी एक जण तसंच दिसणारं वाद्य तोंडात धरून उभा असतो. त्याची बोटं हलत नाहीत. त्याच्या वाद्याची भोकं मेणानं बुजवलेली असतात. तो एकच स्वर धरून ठेवतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि सनई त्या स्वराच्या अंगावर खेळते. त्याच्याकडे कुणी बघत नाही. लग्नाच्या फोटोत आला तर अर्धा येतो. पण तो थांबला की सनई नागडी पडते. आमच्या घरात सनई तात्याची, म्हणजे माझ्या बापाची, आणि सूर माझा.

सूर तोडायचा नसतो. गालात हवा साठवायची, गाल दाबून ती वाद्याच्या तोंडाशी असलेल्या पत्तीत ढकलायची, आणि ढकलताना त्याच क्षणी नाकानं नवी ओढून घ्यायची. आम्ही जातीनं होलार, वाजंत्री; आमची पोरं हे चालायला शिकल्यासारखं शिकतात. तांब्याभर पाण्यात भोपळ्याच्या देठाची नळी बुडवायची आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की मागून टपली.

आमच्या गावच्या खडकाईची यात्रा चैत्रात असते. पालखी देवळातून उठते, शिवेच्या दगडापर्यंत जाते आणि फिरून येते. पुढे आम्ही वाजवत चालायचं. पालखी उठल्यापासून देवी परत आत बसेपर्यंत सूर तुटायचा नाही. सुराशिवाय देवी उंबरा ओलांडत नाही असा नेम. आम्ही मात्र तिसऱ्या पायरीवर बाजूला थांबायचं. आमचा सूर आत जातो, आम्ही नाही. आमच्या तोंडातली हवा देवीला चालते, आमचे पाय चालत नाहीत. हे मी तेव्हाही बोलायचो, आजही बोलतो, आणि ज्याला झोंबायचं त्याला खुशाल झोंबू दे.

मग मला क्षय झाला. गोळ्या घेतल्या, नेमानं घेतल्या, बरा झालो. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. उजव्या फुफ्फुसाचा वरचा तुकडा करपलेल्या भाकरीसारखा दिसत होता.

“जंतू गेले,” डॉक्टर म्हणाला. “पण हे आता असंच राहणार. वाजवायचं काम सोड. दुसरं काही बघ.”

माणूस चांगला होता आणि खरं सांगत होता. पण खरं घेऊन मी गावात गेलो तर तिथं यात्रा कमिटी बसलेली. जालिंदर पाटील कमिटीचा मुख्य. आधीच्या साली मी खाटेवर होतो म्हणून तात्यानं जतहून आपला मावसभाऊ सुरावर आणला होता. तो आता सुरतेला गेला होता, मिलमध्ये.

“तात्या, पोराला जमत नसंल तर तसं सांग,” जालिंदर पारावरून म्हणाला. तात्या खाली उभा होता, मी त्याच्या मागे. “कॅसेट लावू आपुन. कर्णा बांधू गाडीला. कॅसेटला खोकला येत न्हाय.”

पारावरची सगळी हसली. तात्याही हसला, आणि ते मला जास्त लागलं.

“जमंल,” तात्या म्हणाला.

“आन् मधीच तुटला मंजे?”

“न्हाय तुटायचा.”

“तुटला तर मान गेला, बरं का. पुढल्या सालापासनं कॅसेट. नंतर दारात येऊन रडायचं न्हाय.”

मान म्हणजे काय होतं? एक नारळ आणि ओंजळभर खोबरं. पण त्या दिवशी पुजारी देवळातून तात्याला नावानं हाक मारायचा, “शिवराम जावीर, मान घ्या.” घ्या. बाकी वर्षभर “ए होलारा, हिकडं ये.” त्या एका ‘घ्या’साठी माझा बाप वर्षभर जगायचा. मला त्याची कीव यायची, चीड यायची, आणि तरी त्याचा तो ‘घ्या’ माझ्या छातीमुळं जावा हे मला सोसणार नव्हतं.

घरी आल्यावर तात्यानं सूर माझ्या हातात दिला. मी छाती भरली आणि धरला. थोडा वेळ बरा गेला. मग छातीत काहीतरी चोंदल्यासारखं झालं. हवा कमी पडत होती म्हणावं तर छाती भरलेली, फुटायला आलेली. डोळ्यांपुढं काजवे आले आणि मी चुलीजवळ आडवा झालो.

“भरून घे,” तात्या म्हणत होता. “आजून भर. छाती भर सुबऱ्या, कमी घेतोयास तू.”

आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आलेत. भर. मी विहिरीत गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून भरून बघितलं. शेजारच्या घरी टीव्हीवर एक बुवा भात्यासारखं पोट हलवायचा, त्याचं बघून जोरजोरात तेही केलं. रक्त पडलं थुंकीतून. घाबरून डॉक्टरकडं गेलो. त्यानं तपासलं, रागावला, आणि म्हणाला, “ऐकणार नाहीसच, तर निदान मागच्या शेडमध्ये लोंढे सिस्टर असतात सकाळी, त्यांना भेट.”

सॅलोमी लोंढे. त्याच दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी गेली होती, पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट राहिले होते. रोज सकाळी एस.टी.नं यायच्या आणि बरं झालेल्या रोग्यांना श्वास शिकवायच्या. प्राणायाम हा शब्द त्या क्वचितच काढायच्या. “श्वास करू या” म्हणायच्या, जसं कुणी “चहा करू या” म्हणतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना तोंडावर सांगितलं, “सिस्टर, हे बामणांचं काम हाय. कष्टाचं काय न करता नाक धरून बसायचं. आमाला न्हाय जमायचं.”

“असं? आणि आमच्या चर्चचे पाळक म्हणतात हे हिंदूंचं आहे, सिस्टर, तुम्ही करू नका.” त्या हसल्या. “मी त्यांना विचारलं, नाकपुड्या कुणी दिल्या? ते गप्प. तुला विचारते, हवा कुणाची?”

मी सतरंजीवर बसलो.

“नवरा गेला तेव्हा मला वर्षभर झोप नव्हती,” त्या म्हणाल्या. “ड्यूटीवर हात थरथरायचे. सुई टोचता येईना. तेव्हा इथं एक जण शिकवायला यायचे, त्यांच्यासमोर बसले. पहिले काही दिवस नुसती रडले. मग झोप आली. मग हात थांबला. म्हणून शिकवते. बाकी मला काही माहीत नाही. आणि एक पक्कं लक्षात ठेव, तुझे जंतू गोळ्यांनी मेलेत. श्वासानं जंतू मरत नाहीत. तसं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव.”

मला ही बाई आवडली. माझ्यासारखीच तोंडाळ.

त्यांनी मला घरून तांब्या आणि नळी आणायला लावली. मी फुंकायला लागलो. बुडबुडे न थांबता येत राहिले. शेडमधले सगळे उठून भोवती जमले. एक बाई म्हणाली, “अगं बया, हा श्वास घेतोय कवा?” सिस्टर लहान पोरीसारख्या खुश झाल्या. माझ्या मागे गुडघ्यावर बसल्या आणि पाठीवर दोन्ही पंजे ठेवले, खालच्या बरगड्यांवर. मी फुंकत राहिलो आणि काही वेळानं पुन्हा तेच, चोंदलं, काजवे आले, नळी सुटली.

“आता सांग काय झालं,” त्या म्हणाल्या.

“वारं कमी पडलं.”

“खोटं. तुझ्या बरगड्या वर चढत गेल्या आणि एकदाही खाली आल्या नाहीत. पत्तीतून जाते हवा चिमूटभर आणि तू नाकानं ओढतोस मूठभर. उरलेली कुठं जाते? आत बसते. शिळी होते. नवीला जागाच नाही. सुबराव, तू उपाशी नाहीस रे, तुला अजीर्ण झालंय.”

“आमच्यात भरायलाच शिकवत्यात.”

“तरणी छाती चालवून घेते. तुझी आता अर्धी खोली आहे, त्यात सामान ठेवायला जागा नाही. तुला घ्यायला शिकायचं नाही. सोडायला शिकायचंय.”

म्हणून तो कापूस.

तो आधी हलायचा. मग थरथरायचा. मग एक दिवस मी सोडत गेलो, सोडत गेलो, पोट आपोआप आत गेलं, पाठीतून काहीतरी खाली बसल्यासारखं झालं, आणि कापूस जागचा हलला नाही. आत काही उरलं नाही. मी घाबरून घ्यायला गेलो.

“थांब,” सिस्टर म्हणाल्या. “घेऊ नको. वाट बघ.”

“मरंन की.”

“आजवर कुणी मेलं नाही माझ्या शेडमध्ये. वाट बघ. तो येतो.”

आणि तो आला. मी न ओढता. पाण्यात बुडवलेली घागर जशी स्वतःच भरते तसा खालून भरत आला, पार करपलेल्या भागाच्या कडेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी हवेवर झडप घातली नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सिस्टरांनी बघितलं आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं.

त्यानंतर एकेक करत गेलो. एका नाकपुडीनं घ्यायचा, दुसरीनं सोडायचा, घाई नाही, आणि सोडणं घेण्याहून लांब. मग कान झाकून भुंग्यासारखा गुंजारव. तो मला लगेच जमला, माझ्या सुराचाच तो भाऊ होता, फक्त आतल्या अंगानं वाजणारा. श्वास कोंडून धरायचा नाही आणि भात्यासारखं पोट मारायचं नाही, ही मला सक्त ताकीद होती. “ते धडधाकटांसाठी. तू जखमी आहेस, जखमीसारखा वाग.”

अंगावर फरक पडला तो मला आधी जेवताना कळला. भाकरी खाताना मध्ये थांबावं लागेना. दवाखान्याचा जिना चढताना कठडा धरावा लागेना. खोकल्याच्या भीतीनं मी बसून झोपायचो, तो आडवा होऊन झोपायला लागलो. आणि डोकं. आजारपणात डोक्यात जी चक्की फिरायची, जालिंदर काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, ती थांबायची नाही, पण हळू फिरायला लागली. दाणे दिसायला लागले.

“तुझा राग कुठं राहतो?” सिस्टरांनी एकदा विचारलं.

“डोक्यात.”

“खांद्यांत राहतो. बघ, कानाला टेकलेत. गावाचं नाव काढलं की वर जातात.” त्यांनी माझे खांदे दाबून खाली बसवले. “राग सोड म्हणत नाही मी. तुझा राग खरा आहे. श्वास सोड. राग राहू दे, उपयोगी पडेल.”

कुठल्याही बुवानं मला राग टाकून दे म्हणून सांगितलं असतं. एवढ्यासाठी मी त्या बाईला मानतो.

यात्रा जवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, “बापाला घेऊन ये.”

तात्या आला आणि शेडच्या दाराबाहेर उकिडवा बसला. डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला.

“आत या, शिवरामदादा.”

“हितंच बरं हाय बाई. हितनं दिसतंय.”

“दिसायला नाही बोलावलं. आत या. नाही आलात तर मी याला शिकवायचं बंद करते, आत्ता.”

तात्यानं माझ्याकडं बघितलं. तो उठला, चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याशी जरा अडखळला आणि आत आला. सतरंजीच्या कडेला बसत होता, सिस्टरांनी त्याला मधोमध, माझ्या मागे बसवलं.

“हात ठेवा याच्या पाठीवर. असे नाही, दोन्ही. खाली.”

आजार कळल्या दिवसापासून तात्यानं मला हात लावला नव्हता. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट दाराशी. डॉक्टरनं आता भीती नाही म्हणून सांगितल्यावरही ताट वेगळंच राहिलं होतं. त्याचे पंजे माझ्या पाठीवर टेकले आणि मला कळलं की ते थरथरत होते.

“सुबराव, भर. भर, अजून भर. वडिलांना दाखव तुमच्याकडची पद्धत.” मी भरली. “दादा, काय झालं हाताखाली?”

“वर चढली बरगडी. टाईट झाली.”

“हे म्हणजे भांडं भरलं. आता यात काही मावत नाही. तुम्ही अजून भर म्हणालात तर काय होईल?”

“...फुटंल.”

“आता सोड, सुबराव. सगळा.”

मी सोडला. पंजे माझ्या पाठीबरोबर खाली खाली येत गेले.

“बसली,” तात्या म्हणाला. आवाज एकदम वेगळा होता. “बसली की गं बाय पाठ. खाली बसली.”

“यात्रेत तुमच्या हातात सनई असेल, पण डोळे याच्या खांद्यांवर ठेवा. ते कानाला लागले की समजा भांडं भरलं. तेव्हा याला श्वास सोडायला मिळाला पाहिजे. पूर्ण सोडायला. नाहीतर हा पडेल, आणि मग मी नाही, कुणीच काही करू शकणार नाही.”

“पर सोडायचा मंजे सूर तोंडातनं काढावा लागणार,” तात्या म्हणाला.

“हो.”

“मंजे तुटला.”

“हो, तुटला,” सिस्टर म्हणाल्या. “त्याला माझ्याकडे इलाज नाही.” तात्या पटका बांधत उठला. जाताना त्यानं हात जोडले, पण सिस्टरांकडं न बघता.

यात्रेचा दिवस उजाडला. ऊन सकाळपासूनच तापलेलं. पालखी उठली, माझ्या चुलत्यानं, ग्यानूकाकानं, हलगीवर काडी टाकली, तात्यानं सनई लावली आणि मी सूर धरला.

मी भरला नाही. नाकानं घेताना चिमूटच घेतला, जितका जात होता तितकाच. खांदे खाली. कापूस डोळ्यांपुढं. शिवेच्या दगडापर्यंत सूर दोरीसारखा सरळ गेला. ग्यानूकाकानं एकदा वळून डोळा मारला. दगडाला वळसा घालून आम्ही परत निघालो. गुलाल उडत होता, नाकात जात होता. निम्म्या वाटेवर जालिंदर पाटील माझ्या कानाशी येऊन चालायला लागला.

“काय रं, हायेस का गेलास?” त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास. “गाडीत कर्णा तयार हाय. नुसतं मान हलीव. कशाला फुफ्फुस फाडून घेतूस बापाच्या हौसंपायी?”

बोलायला तोंड मोकळं नव्हतं. आधीचा मी असतो तर खांदे कानाला गेले असते आणि तिथंच संपलं असतं. मी त्याच्या पायातल्या करकरणाऱ्या वहाणांकडं बघत राहिलो आणि चिमूट चिमूट घेत राहिलो. राग होता. जागेवर होता. पण श्वासाच्या वाटेत उभा नव्हता.

देऊळ आलं. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर आम्ही बाजूला झालो, पालखीला वाट दिली. आणि इथं पालखीचे मानकरी, नेमाप्रमाणं, पालखी खांद्यावर झुलवायला लागले. देवी आत जायला राजी नाही, लोकांत रमलीय, असा तो खेळ. त्या साली तो लांबला. का लांबला हे मला माहीत आहे, कारण झुलवणाऱ्यांत जालिंदरचा भाऊ पुढच्या दांडीला होता आणि त्याची नजर पालखीवर नव्हती, माझ्यावर होती.

चिमूटचिमूट करूनही भांडं भरत आलं. बरगड्या चढल्या. खांदे निघाले. मी ते खाली दाबत होतो आणि ते वर येत होते. पालखी झुलत होती. दोन्ही कानांत घण पडायला लागले. देवळाच्या एका कळसाचे मला दोन कळस दिसायला लागले.

तेवढ्यात सनई थांबली.

पाठीवर एक पंजा पडला. खालच्या बरगड्यांवर. तो थरथरत नव्हता.

“सोड,” तात्या म्हणाला.

मी मान हलवली. नाही.

“सोड म्हणतो न्हवं सुबऱ्या. भरलंय भांडं. सोड.”

मी सूर तोंडातून काढला.

हलगीही थांबली. पालखी झुलता झुलता अडली. मग जालिंदरचा आवाज आला, “तुटला! सूर तुटला! बगितला ना समद्यांनी? कर्णा लावा रं!”

“थांबा!”

हा आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही. माझ्या बापाचा आवाज मी सनईतून ऐकला होता, घरात ऐकला होता, गावापुढं कधी ऐकला नव्हता. तात्या तिसऱ्या पायरीवर उभा होता, सनई काखेत, एक हात माझ्या पाठीवर, दुसरा पालखीपुढं आडवा धरलेला.

“सुराबिगर देवीनं उंबरा वलांडायचा न्हाय,” तात्या म्हणाला. “नेम तुमचा. आमी न्हाय केला. आन् देवीम्होरं मशीन वाजवायचं, आसं कुटल्या नेमात हाय ते दावा. नसंल तर थांबा. माजा पोरगा श्वास घेतोय.”

कुणी हललं नाही. पुजारी उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभा, त्याला पुढं येता येईना. पालखी खांद्यांवर. तिचं ओझं भारी. दांडीखालचे मानकरी, जालिंदरचा भाऊही, घामानं निथळायला लागले. खाली ठेवायची सोय नाही, आत न्यायची सोय नाही. गावातली सगळी मोठी घरं त्या दांडीखाली उभी होती आणि एका होलाराच्या श्वासाची वाट बघत होती.

आणि मी घाई केली नाही.

मी सोडला. हळू, कापूस हलू नये इतका हळू. पोट आत गेलं, बरगड्या बसल्या, तात्याचा पंजा त्यांच्यासोबत खाली आला. सगळी शिळी हवा गेली. कॅसेट गेली, खोकला गेला, वेगळं ताट गेलं. शेवटी काही उरलं नाही. मग मी वाट बघितली. समोर जालिंदर पाटील तोंड उघडं टाकून उभा होता आणि मी त्याच्याकडं बघत, काहीही न करता, वाट बघितली.

तो आला.

मी पुन्हा सोडला, पुन्हा येऊ दिला. पालखी थांबलेली. मग मला वाटलं तेव्हा मी सूर तोंडाला लावला. तात्यानं हात खाली घेतला, सनई उचलली. देवी आत गेली.

पुजारी मान द्यायला बाहेर आला तेव्हा जालिंदर आडवा आला. सूर तुटलाय, मान गेलाय. वाद पेटणार होता. पण तोवर गर्दीतल्या म्हाताऱ्या बायांनी निवाडा करून टाकला होता. एकीनं गुलालाचं बोट कपाळाला लावत मोठ्यानं सांगितलं, “देवी थकली हुती बाई उनाची. पायरीशी दम खाल्ला तिनं. म्यां बगितलं, मुखवट्यावर घाम आलाता.” दुसरीनंही बघितला होता. तिसरीच्या अंगात यायला लागलं. देवीनंच दम खाल्ला म्हटल्यावर जालिंदर काय बोलणार?

“शिवराम जावीर,” पुजारी म्हणाला, “मान घ्या.”

तात्यानं घेतला. घरी येऊन नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा मला आपल्या ताटातून दिला.

दोन दिवसांनी मी शेडमध्ये जाऊन सिस्टरांना सगळं सांगितलं. देवीला घाम आल्याचं ऐकून त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

“सोडताना खांदे खाली होते?”

“हुते.”

“मग बस. कापूस घे.”

लोंढे सिस्टर आता नाहीत. तात्याही नाही. जालिंदर आहे, त्यालाही आता धाप लागते आणि मी त्याला कापसाचं सांगितलंय. ऐकतो की नाही ते त्याचं तो जाणे. सूर आता माझी थोरली लेक धरते. पहिल्या साली पुष्कळ बोंब झाली, मग निवळली. ती भरत नाही. तिला मी पहिल्यांदा सोडायलाच शिकवलं.

आणि आमच्या यात्रेत दर साली पालखी तिसऱ्या पायरीशी थांबते. हलगी थांबते, सनई थांबते, सूर थांबतो. सगळा गाव गप्प उभा राहतो. याला आता ‘देवीचा दम’ म्हणतात. मागच्या साली पेपरवाला आला होता, त्याला पुजाऱ्याच्या पोरानं सांगितलं, ही फार प्राचीन परंपरा आहे, साडेतीनशे वर्षं तरी. पेपरवाल्यानं लिहून घेतलं. मी शेजारीच उभा होतो. मला कुणी विचारलं नाही.

देवीबिवी नाही. तो श्वास माझा होता. आणि माझ्याआधी तो एका निवृत्त नर्सबाईनं पत्र्याच्या शेडमध्ये, कापसाच्या पुंजक्यावर, मला परत मिळवून दिला होता. हे मी आज लिहून ठेवतोय. कुणाला झोंबलं तर त्यानं आधी श्वास सोडावा, मग भांडायला यावं.

त्या थांब्यात मीही गर्दीत डोळे मिटून उभा असतो. सगळा सोडतो. पार रिकामा होतो. मग घेत नाही. वाट बघतो.

तो येतो.